वांगी रंगाची ठेव

शरयूताईंचा फोन आला तेव्हा मी माशांच्या टाकीची काच पुसत होते. त्या दिवसांत कुणाचाही फोन आला तरी मी टाकीची काचच पुसत असायचे.

"हेमा, बसली आहेस की उभी?" त्यांनी विचारलं.

मी उभीच होते, पण बसलेय म्हणून सांगितलं.

"माझी टाकी गेली," त्या म्हणाल्या. "सगळी."

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या तिथंच नाशिकला दवाखान्यात होत्या. तेवढ्यात कॉलनीतली वीज गेली, इन्व्हर्टरनं दगा दिला आणि पंप बंद पडले. शेजारणीनं दार उघडलं तेव्हा वास जिन्यापर्यंत आला होता. अकरा वर्षं जपलेला समुद्र दीड दिवसात नासला. त्या हे सगळं अशा आवाजात सांगत होत्या, की नववीच्या वर्गाला आम्ल आणि अल्कली शिकवताहेत असं वाटावं. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. मग वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "माझं वांगं कसंय?"

मी टाकीकडे पाहिलं. निळ्या दिव्याखाली ते झळकत होतं.

"छान आहे," मी म्हणाले. "परवाच फोटो पाठवला होता की."

"त्या फोटोवरच जीव धरून आहे. आणखी दोघांकडे ठेवले होते तुकडे, दोन्ही मेले. आता तुझ्याकडचा तेवढा उरला. मी नवी टाकी उभी करतेय. पाणी तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतील. पाडव्याच्या आधी घ्यायला येते."

संक्रांत नुकतीच झाली होती. मी बोटांवर दिवस मोजत फोन ठेवला. मागे खुर्चीत आप्पा बसले होते, माझे सासरे. त्यांनी विचारलं, "कुठलं वांगं?"

"हे काय, समोरच आहे."

आप्पा पुढे वाकले, काचेला नाक लावलं आणि म्हणाले, "ते पांढरं हाडूक?"

ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीची, आमच्या येवल्यातली. येवल्यात प्यायचं पाणी जपून वापरतात, तिथं समुद्र कुठून आला, तर आमची ऋचा घेऊन आली. बारावीच्या सुट्टीत तिनं तीन फुटी टाकी आणली, मीठ कालवून खारं पाणी केलं, दोन मासे सोडले. मग समुद्राचा अभ्यास करायला गोव्याला गेली आणि घरातला समुद्र माझ्यावर सोपवून गेली. "आई, फक्त बघत राहा," म्हणाली. नुसतं बघत राहणं मला जन्मात जमलेलं नाही. मी बी. ए. मराठी, तरी मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले, वहीत लिहून घेतलं, आणि वर्षाभरात माशांवरून प्रवाळांवर आले.

प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं नव्हे. टाकीत असतं ते जिवंत झाड, म्हणजे दिसायला झाड. खरं तर तिळाएवढ्या हजारो जिवांनी मिळून बांधलेली ती दगडाची वसाहत असते. त्याची फांदी तोडून दुसरीकडे चिकटवली की गुलाबाच्या कलमासारखी वाढते. छंदवाले असे टाकीत वाढवलेले तुकडे एकमेकांना देतात. आमच्या मोबाइलवरच्या गटात बाकी सगळे पुरुष, बायका दोघीच, मी आणि शरयूताई. त्यांच्या टाकीतलं एक प्रवाळ पाहून मी पहिल्याच भेटीत खुळावले होते. गर्द वांगी अंग आणि फांद्यांची टोकं पोपटी, अगदी देठासकट वांगं. म्हणून त्याचं नाव वांगं. डाळिंबाच्या दाण्याएवढ्या तुकड्यापासून त्यांनी ते अकरा वर्षांत वाढवलं होतं.

त्याची करंगळीएवढी फांदी माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, "भेट समजू नकोस. ही ठेव आहे. शेतकरी कसा, थोडं बियाणं शेजाऱ्याकडे ठेवतो. माझं गेलं तर तुझ्याकडून परत घेईन."

मी हसून हो म्हटलं होतं. त्यांचं कसलं जातंय, असं वाटलं होतं.

रात्री जेवताना मी ह्यांना आप्पांचं हाडूक सांगितलं. हे भाताचा घास तसाच ठेवून म्हणाले, "अगं, आप्पांना मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. तुझ्या निळ्या साडीला ते काळी म्हणतात. त्यांचं काय मनावर घेतेस?" तेही खरंच होतं. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. पण रंग बघायचे तेवढे बघून झाले, आता कशाला चिरफाड, असं म्हणून आप्पा टाळत होते.

रंग त्यांनी खरोखरच बघितले होते. चाळीस वर्षं त्यांनी पैठणीचं रेशीम रंगवलं. मोरपंखी, अंजिरी, कुसुंबी, राणी. विणकर म्हणत, मांडवडे आप्पांच्या हातची रेशमाची लड असली की माग चालवायला हुरूप येतो. घरामागे रंगखोली होती. तिथं बायकांनी जायचं नाही असा रिवाज. रेशीम उकलायचं आम्ही, गुंडाळायचं आम्ही, रंगाचं माप मात्र बाप मुलाला सांगणार. आमच्या ह्यांनी बँक धरली, त्यामुळे आप्पांनी ते कुणालाच सांगितलं नाही. खोलीत आता गव्हाच्या कोठ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा लावायला गेले, तर आप्पा टाकीसमोर आधीच येऊन बसलेले.

"सूनबाई, एक सांगू? रंग दिव्याखाली बघू नये. दिव्याखाली दिसतो तो दिव्याचा रंग. सकाळी दहाच्या उन्हात, पांढऱ्या भांड्यात बघावा. आमच्याकडे ट्यूबखाली लड पास करणाऱ्याला हाकलून देत असू."

त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, हे मी तोंडावर कसं म्हणणार? म्हटलं, त्यांच्या समाधानासाठी करू. दहा वाजता प्लॅस्टिकच्या पांढऱ्या टबात टाकीचंच पाणी घेतलं, त्यात वांग्याचा दगड अलगद ठेवला आणि गच्चीवर नेला. उन्हात टब ठेवून वाकून बघितलं.

शिजलेल्या भाताचं शीत असतं ना, तसं ते पांढरं होतं. नाही म्हणायला बुडाशी पुसट जांभळी झाक, कपड्यावरचा डाग चार धुण्यांनंतर राहतो तशी.

म्हणजे मला दिसत होता तो नुसता दिव्याचा निळा झगमगाट, आणि त्याचेच फोटो मी शरयूताईंना पाठवत होते. मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्याला तो निळा उजेड दिसतच नव्हता, म्हणून त्यांना जे होतं तेवढंच दिसलं.

खाली आले ती आप्पांच्या खुर्चीपाशीच. मीच म्हणाले, "पांढरं पडलंय."

"मग नाशिकच्या बाईंना सांग."

"आधी सुधारते, मग सांगते."

"गिऱ्हाइकाला खोटी लड दाखवली की पुढची खरीसुद्धा खोटी ठरते," आप्पा म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. वाचता येत नव्हतं, तरी धरायचे.

मी दोन दिवस सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत मला जे येत होतं ते केलं, म्हणजे साफसफाई. माझी आई म्हणायची, घरात एकवेळ मीठ नसलं तरी चालेल, पण भांड्याला डाग नको. त्याच हाताची मी. टाकीतलं पाणी एरवीही आठवड्यातून तीनदा बदलायचे. गाळणीचं कापड रोज धुवायचे. घाण फेसावाटे बाहेर काढणारं यंत्र असतं, ते दिवसरात्र चालू. माशांना चिमूटभर दाणे, तेही मोजून. पाण्यात घाण किती, म्हणजे नायट्रेट किती, ते तपासायची एक परीक्षा असते. नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, जितकं गुलाबी होईल तितकी घाण. माझी नळी कधी गुलाबी झालीच नाही. कायम शून्य. गटातल्या पुरुषांना मी ते आवर्जून कळवायचे. "वहिनींची टाकी म्हणजे ऑपरेशन थिएटर," असं ते लिहायचे आणि मी सुखावायचे. आता वांगं पांढरं पडलं, म्हणजे कुठंतरी घाण राहिली असणार, असा माझा हिशेब. मी रोज पाणी बदलायला लागले.

तिसऱ्या दिवशी मी बादल्या वाहत होते. शुद्ध पाण्याच्या यंत्राखाली भरलेल्या, मीठ कालवलेल्या. आप्पांनी एका बादलीत बोट बुडवलं आणि विचारलं, "हे त्या मशीनचं पाणी?"

"हो. नळाच्या पाण्यात क्षार असतात."

"मग रंग कसा चढेल?"

मी बादली खाली ठेवली. आप्पांनी मला रंगाबद्दल आजवर एक शब्द सांगितला नव्हता. ते बोट धोतराला पुसत पुसत सांगायला लागले. पूर्वी मंजिष्ठेच्या मुळांचा लाल करायचे तेव्हा गावातल्या एकाच विहिरीचं पाणी आणायचे. जड पाणी, डाळ शिजायची नाही त्यात. पण लाल असा यायचा की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. पुढे शुद्ध पाण्याची मशीन आली. आप्पांना वाटलं, गढूळ पाण्यात एवढा येतो, तर चोख पाण्यात केवढा येईल. लग्नाच्या शालूचं रेशीम होतं. त्यांनी ते मशीनच्या पाण्यात रंगवलं आणि लाल आला फिका, आजारी माणसाच्या ओठांसारखा.

"पाणी इतकं धुतलं, की त्यात रंगाला धरायला काही राहिलंच नाही," ते म्हणाले. "तुझ्या त्या वांग्याला धरायला काय ठेवलंयस?"

मी तशीच ओल्या हातांनी शरयूताईंना फोन लावला. आधी कबुली दिली. फोटो निळ्या दिव्यातले होते, वांगं पांढरं पडलंय. मग सासरे धुतलेल्या पाण्याबद्दल काय म्हणाले तेही सांगितलं.

"जिवंत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"नायट्रेट किती येतंय?"

"शून्य," मी सांगितलं. सवयीनं जरा अभिमानानंच सांगितलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अगं बाई," शरयूताई म्हणाल्या, "उपाशी मारतेयस तू त्याला."

मग त्यांनी वर्गात समजावल्यासारखं समजावलं. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं तपकिरी शेवाळ राहतं. माशांच्या घाणीवर ते जगतं, आणि ते बनवतं त्यावर प्रवाळ जगतं. घाण अजिबात नसली की शेवाळ मरतं आणि प्रवाळ पांढरं पडतं, मग एक दिवस खरंच हाडूक होतं. घाण फार झाली तर शेवाळ माजतं, सगळं मातकट होतं, आणि तसलं मातकट कधी कधी कायमचं राहतं. मधली वाट सापडली तरच रंग.

"हे तुला सासऱ्यांनी सांगितलं म्हणतेस? ते काय करतात?"

"रंगारी होते."

"मग मला कशाला विचारतेस?" त्या म्हणाल्या. आवाजात थट्टा होती, पण फोन ठेवताना ती उरली नाही. "हेमा, आता फोटो पाठवू नकोस. फोटोवर माझा विश्वास नाही. मी येऊन डोळ्यांनी बघीन. असेल तसं घेऊन जाईन. अकरा वर्षं आहेत ती, एवढं लक्षात ठेव."

ते मी लक्षात ठेवलं. रात्री कूस बदलली तरी ते लक्षात असायचं.

त्याच दिवसापासून मी कामं सोडायला लागले. पाणी बदलायचं पंधरा दिवसांतून एकदा. गाळणीचं कापड काढूनच टाकलं. फेसाचं यंत्र फक्त अर्धा दिवस. दिव्याचा जोर कमी केला. माशांना दिवसातून तीनदा जेवण. ते दोन्ही मासे महिनाभरात श्रावण पाळून दिवाळीला आल्यासारखे दिसायला लागले. मागच्या काचेवर हिरवं शेवाळ धरलं. मी तिकडे बघायचे आणि माझी बोटं आपोआप वळायची. हे म्हणायचे, "हिला व्यसन सोडवायला ठेवलंय, टाकीसमोर."

आप्पांनी कमरेच्या करगोट्याची किल्ली काढून मला दिली आणि रंगखोलीतल्या लोखंडी पेटीतून नमुन्याचं भांडं आणायला सांगितलं. पांढऱ्या चिनी मातीचं, पसरट, कडेला टवका उडालेलं. बाकी कशाला हात लावू नको, असंही सांगितलं. मी लावला नाही, पण बघितलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या होत्या, आणि सुतळीला बांधलेले रेशमाचे नमुने, गेल्या शतकातले. त्या खोलीत गहू काढायला मी शंभरदा गेले असेन. पण पेटीसाठी गेले तेव्हा चप्पल बाहेर काढून गेले.

दर रविवारी दहा वाजता मी त्या भांड्यात वांगं घेऊन गच्चीवर जायचे. आप्पा धाप टाकत जिना चढून यायचे, सावलीत बसायचे. दुसऱ्या रविवारी ते साईच्या रंगावर आलं. चौथ्या रविवारी बिस्किटाच्या. "गडद होतंय," आप्पा म्हणाले आणि खूश झाले. सहाव्या रविवारी मी भांड्यात बघितलं आणि भांडं आणखी उन्हात सरकवलं. ते सबंध मातकट झालं होतं. उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं. टोकंसुद्धा.

"आणखी गडद," आप्पा खुशीत म्हणाले.

"आप्पा, मातकट झालंय. वांगी नाही, माती."

 त्यांना गडद दिसत होतं, पण कुठलं गडद ते दिसत नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

शरयूताईंना यायला तीन आठवडे होते. मी खाली आले, तीन बादल्या मांडल्या, पाण्याचं यंत्र सुरू केलं. हे बाहेर गेले होते. मी टाकीत नळी सोडली आणि पाणी ओढून काढायला वाकले, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मला चहा टाक."

"दहा मिनिटांत टाकते."

"आत्ता टाक."

चाळीस वर्षं कारागिरांना हाक मारलेला तो आवाज होता. मी नळी ठेवली, चहा टाकला. कप हातात घेऊन त्यांनी मला समोर बसवलं. चहा मात्र प्यायले नाहीत.

"निळीचा रांजण तू पाहिला नाहीस," ते म्हणाले. "तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तो मोडला होता. निळीत लड बुडवून बाहेर काढली ना, तर ती निळी नसते. पिवळट असते, हिरवट असते, शेवाळलेल्या डबक्यासारखी. नवा माणूस बघतो, घाबरतो, म्हणतो बिघडलं, आणि परत बुडवतो नाहीतर धुवायला काढतो. तिथं तो रंग घालवतो. जुना माणूस लड काठीवर टाकतो आणि हात मागे बांधतो. वारा लागला की लड आपली आपण निळी होते."

"किती वेळ लागतो?"

"निळीला घटकाभर. तुझ्या वांग्याचं मला काय ठाऊक?"

"आणि नाहीच झालं तर? शरयूताईंना काय तोंड दाखवू?"

"तर तू चुकलीस, आणि मीही चुकलो. पण आत्ता हात घातलास तर नक्की चुकलीस."

मी यंत्र बंद केलं. तिन्ही बादल्यांतल्या पाण्यानं ओटा, मोरी, अंगण, जिना असं सगळं घासून काढलं. हे घरी आले तर दारातच थबकले. आज कोण येणार आहे, विचारायला लागले.

सातव्या रविवारी मातकट. आठव्या रविवारी मातकटच, पण भांडं फिरवताना एका फांदीच्या बगलेत काहीतरी चमकून गेलं. मी भांडं पुन्हा फिरवलं. जांभळाच्या सालीचा रंग असतो, तेवढा, नखाच्या कोरीएवढा. मी कुणालाच सांगितलं नाही, आप्पांनाही नाही. मी निळ्या दिव्याला एकदा फसलेली बाई. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. आप्पांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "गडद आहे." ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, एवढंच.

त्यानंतरच्या शनिवारी शरयूताई आल्या. हातात काठी, मागून ड्रायव्हरच्या डोक्यावर थर्माकोलचं खोकं. चहा नको, पाणी नको, आधी वांगं, म्हणाल्या. टाकीवर निळा दिवा होता. त्यांनी हाताचा पंजा डोळ्यांसमोर धरला आणि तोंड फिरवलं. "इथं नाही बघणार," म्हणाल्या.

दहाला पाच कमी होते. गुडघ्यावर हात ठेवत त्या जिना चढल्या, त्यांच्यामागे आप्पा चढले, आणि सगळ्यांत शेवटी चिनी मातीचं भांडं घेऊन मी. भांड्यावर ओलं पांढरं फडकं टाकलं होतं. गेल्या रविवारपासून मी वांगं उन्हात पाहिलं नव्हतं. मुद्दामच नव्हतं पाहिलं.

भांडं कठड्यावर ठेवलं. शरयूताई चष्मा शोधत होत्या, एक पर्समध्ये आणि एक गळ्यात. मी फडकं काढलं. मी बघितलं.

आणि शरयूताई अजून चष्म्याचीच दोरी सोडवत होत्या, तेवढ्यात सावलीतल्या खुर्चीतून आप्पा म्हणाले, "वांगी. देठासकट."

शरयूताई वाकल्या. खूप वेळ वाकून राहिल्या. त्यांनी भांडं एकदा पूर्ण फिरवलं, मग उलटं फिरवलं. गुडघा दुखत असणार, पण काठी कठड्याला टेकवून त्या तशाच वाकलेल्या. ऊन सरळ पाण्यात शिरत होतं. अंग गर्द वांगी, बाजारातल्या टवटवीत वांग्यावर असते तशी तुकतुकी असलेलं, आणि प्रत्येक टोकावर पोपटी ठिपका. जिथं माती होती तिथं माती कुठंच नव्हती.

"माझ्याकडे," शरयूताई वर न बघता म्हणाल्या, "एवढं कधीच आलं नव्हतं." मग सरळ उभ्या राहिल्या, चष्मा काढून पदराला पुसला. "काय केलंस?"

"काच पुसायची सोडली."

त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळेही पुसले. पर्समधून छोटी पक्कड काढली, एक फांदी करंगळीएवढी तोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही ठेव," म्हणाल्या. मी गडबडून ती पुन्हा पाण्यात टाकली. बाकीचं सगळं वांगं त्या खोक्यात घालून घेऊन गेल्या. नाशिकला पोचेपर्यंत तीनदा फोन केला, पाणी गरम तर होत नाही ना, ते मला विचारायला, जसं काही मी शेजारच्या सीटवर बसले होते. त्या संध्याकाळी त्यांनी गटात सगळ्या पुरुषांना लिहिलं, की रंग शिकायचा असेल तर येवल्याला जा. गटात माझं नाव पहिल्यांदाच "वहिनी"शिवाय आलं होतं. हेमलता मांडवडे. मी ते ह्यांना दाखवलं, मग ऋचाला पाठवलं, मग दूधवाल्यालाही दाखवणार होते.

पाडवा झाला आणि आप्पांनी स्वतःहूनच ह्यांना सांगितलं, डोळ्याची तारीख घे. का, कशाला, काही नाही. आधी उजवा झाला, पुढच्या महिन्यात डावा. हिरवी पट्टी, काळा चष्मा, थेंब, सगळं मी केलं. चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या सकाळी ते उठून आधी टाकीकडेच गेले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ते तासभर खुर्चीत बसून होते. मी निळी साडी नेसले होते. ती बघून म्हणाले, "ही निळी आहे होय? मी आपला काळी काळी म्हणतोय."

"दोन वर्षं म्हणताय."

"निळा केवढा असतो," ते म्हणाले. "विसरलोच होतो मी."

मग पुन्हा टाकीकडे वळले. शरयूताईंनी ठेवलेली फांदी तोवर अंगठ्याएवढी झाली होती. खिडकीतून ऊन येत होतं, दिवा अजून लावला नव्हता.

"त्या दिवशी मला हे कोळशासारखं दिसलं होतं," आप्पा म्हणाले.

मला आधी कळलं नाही. "कुठल्या दिवशी?"

"बाई आल्या त्या दिवशी. गच्चीवर."

"पण तुम्ही तर म्हणालात, वांगी, देठासकट. त्यांच्याही आधी."

"म्हणालो."

"मग?"

"मी भांड्याकडे बघतच नव्हतो." आप्पांनी धोतराच्या सोग्यानं नवे डोळे टिपले, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तरी. "चाळीस वर्षं कारागीर लडी घेऊन यायचे माझ्यासमोर. संध्याकाळ असायची, उजेड नसायचा. मग मी लड बघायचोच नाही. रंगाऱ्याचं तोंड बघायचो. रंग चुकला असला ना, तर तो लडीकडे बघत राहतो. साधला असला, तर गिऱ्हाइकाकडे बघतो. तू फडकं काढलंस, एकदा खाली बघितलंस, आणि बाईंकडे बघायला लागलीस."

त्यांनी करगोट्याची किल्ली सोडवली आणि टाकीच्या कडेवर ठेवली. भांडं परत पेटीत ठेवायचं राहिलंय, म्हणाले. आणि पेटीतल्या पुड्यांवर काय लिहिलंय ते वाचायला आता त्यांना दिसेल, तेव्हा दुपारी वही घेऊन ये.

माझ्या हातात फडकं होतं. मी ते टाकीच्या मागच्या काचेला टेकवलं, तिथल्या हिरव्या शेवाळावर धरलं, आणि न पुसता तसंच खाली घेतलं.